वळणाचा निकाल सरळ रस्त्यावरच लागतो

मोटारसायकल वळणावर घसरते, पण चूक बहुतेक वेळा त्याच्या पन्नास-साठ मीटर आधीच होऊन गेलेली असते. वळण समोर दिसत असतं, गाडी टॉप गिअरमध्ये असते आणि ‘बसेल की’ म्हणून रेस तशीच राहते. आत शिरल्यावर कळतं, की रस्ता वाटला होता त्यापेक्षा जास्त वळतोय. मग घाबरून पाय ब्रेकवर जातो, मागचं चाक लॉक होतं आणि गाडी आडवी होते. नाहीतर हात-पाय गारठतात, गाडी वळतच नाही आणि सरळ समोरून येणाऱ्याच्या वाटेत जाते.

हे दोनच प्रकार पुन्हा पुन्हा घडतात. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. त्याचा अहवाल 1981 साली आला. दुसरं वाहन नसताना, एकट्याच पडलेल्या गाड्यांमध्ये त्याला नेमकं हेच दिसलं: जास्त ब्रेक दाबून घसरणं, किंवा जास्त वेगात शिरून वळणाबाहेर फेकलं जाणं. आणखी एक गोष्ट त्याने नोंदवली. संकट समोर दिसल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबला होता आणि पुढचा फारच कमी. एवढी वर्षं लोटली, गाड्या बदलल्या, तरी आपल्या रस्त्यांवर चित्र वेगळं नाही. भारतात 2022 साली रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती.

म्हणून या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: वेग किती हवा हे वळणाआधी, गाडी सरळ असताना ठरवायचं. ब्रेक तिथेच लावायचा, गिअर तिथेच कमी करायचा. वळणात शिरल्यावर ही कामं करायची वेळ आली, तर तुम्ही उशीर केला आहे.

आकड्यांत सांगतो, कारण इथे अंदाज नेहमी फसतो. साधारण 50 मीटर त्रिज्येचं वळण धरा. आपल्याकडच्या घाटात अशी वळणं भरपूर आहेत. त्यावरून ताशी 40 किलोमीटरने जाताना गाडी 14 अंश झुकवावी लागते. 60 ने गेलात तर 30 अंश. वेग दीडपट झाला, पण टायरने रस्त्याला जी पकड द्यायची ती सव्वादोनपट लागते, कारण ही मागणी वेगाच्या वर्गाने वाढते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर ती देतोही. पण त्याच जागी मूठभर खडी पसरलेली असेल, पावसाने रस्ता ओला असेल किंवा टायर गुळगुळीत झाला असेल, तर 40 ला निभावून जातं आणि 60 ला निभावत नाही. शिवाय 60 च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोर काय पडलंय हे ओळखायलाच एक सेकंद जातो.

वळण घ्यायचं कसं

वळणाकडे येताना नजर गाडीच्या पुढच्या चाकाजवळ ठेवू नका. रस्त्याची डावी आणि उजवी कड लांबवर जिथे एकत्र मिळाल्यासारखी दिसते, तिथे पाहा. तो बिंदू तुमच्याकडे सरकत येतोय असं वाटलं तर वळण आवळत चाललंय; वेग अजून कमी करा. तो बिंदू तुमच्याबरोबर पुढे पळायला लागला की वळण उघडतंय. मग हळूहळू रेस द्यायला हरकत नाही. अनोळखी घाटात रस्त्यावरच्या बोर्डांपेक्षाही ही एक खूण जास्त खरं सांगते. बोर्ड वाचायचे आहेतच. काळ्या-पिवळ्या किंवा लाल-पांढऱ्या बाणांच्या पाट्या ओळीने दिसल्या, तर ते वळण बांधकाम खात्यालाही धोक्याचं वाटलेलं आहे, एवढं समजावं.

वेग सरळ रेषेत उतरवा. पुढचा आणि मागचा ब्रेक दोन्ही, पण झटक्याने नाही. आधी हलका, मग दाब वाढवत. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि पुढच्या टायरची पकड वाढते, म्हणून खरं थांबवण्याचं काम पुढचाच ब्रेक करतो. ‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो’ ही समजूत गावोगावी आहे. पोरांना गाडी शिकवताना पहिला धडा तोच दिला जातो. ही समजूत जीव घेते. पुढचा ब्रेक वाईट नाही. तो वाकलेल्या गाडीवर, खडीवर किंवा हँडल वळलेलं असताना करकचून दाबणं वाईट. सरळ गाडीवर, कोरड्या रस्त्यावर, बोटांनी दाब वाढवत नेला तर त्याच्याइतका भरवशाचा दुसरा ब्रेक नाही.

गिअर कमी झाला, वेग मनासारखा उतरला, ब्रेक सुटत आले, की नजर वळणाच्या बाहेर पडायच्या दिशेला न्या. मान वळवा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघणं पुरत नाही. जिकडे नजर, तिकडे गाडी. खड्ड्याकडे पाहत राहिलात तर खड्ड्यातच जाल. समोरच्या ट्रककडे टक लावलीत तर गाडी ट्रककडेच ओढली जाईल. भीती वाटली की माणूस नेमका धोक्याकडेच पाहतो, म्हणून हे सवयीनेच अंगात भिनवावं लागतं.

आता वळवायचं कसं? हे रोज गाडी चालवणाऱ्या कित्येकांनी कधी मुद्दाम पाहिलेलंच नसतं. थोडा वेग घेतल्यावर, म्हणजे साधारण 25 च्या पुढे, मोटारसायकल हँडल फिरवून वळत नाही. ती झुकून वळते. डावीकडे जायचं तर डाव्या हाताची मूठ हलकेच पुढे ढकला. चाक क्षणभर उजवीकडे होतं, गाडी डावीकडे झुकते आणि वळायला लागते. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बर राइटच्या हे तेव्हाच लक्षात आलं होतं. सायकल चालवणारे सगळेच नकळत हे करतात, फक्त त्यांना विचारलं तर सांगता येत नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. नकळत करणं रोजच्या रस्त्यावर पुरतं. वळण अचानक आवळलं तर मात्र हाताला ते जाणीवपूर्वक माहीत असावं लागतं. सकाळी मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता गाठा, 30 च्या वेगात एकेक मूठ हलकेच ढकलून पाहा. अर्ध्या तासात हात शिकतो.

वळणात रेस एकसारखी ठेवा, किंचित वाढती. एकदम सोडली तर वजन पुढे झुकतं आणि गाडी डगमगते. एकदम दिली तर मागचं चाक सटकतं. क्लच दाबून वळण घेऊ नका.

आणि इतकं करूनही वेग जास्त झाला तर? पुढे थोडी जागा असेल तर गाडी आधी सरळ करा, सरळ असतानाच दोन्ही ब्रेक घट्ट लावा, मग वळवा. जागा नसेल, तर नजर वळणाच्या टोकाला ठेवा आणि आतल्या बाजूची मूठ आणखी पुढे ढकला. गाडी आणखी झुकेल. हे मनाला पटत नाही, कारण झुकणं म्हणजेच पडणं असं वाटत असतं. पण टायर ठीक असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर आपली रोजची गाडीसुद्धा 30 अंशांपेक्षा जास्त झुकू शकते. गाडीची हद्द यायच्या बऱ्याच आधी माणूस धीर सोडतो. मागचा ब्रेक अगदी हलका चालेल. पुढच्याला हात लावू नका.

एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी थोडं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस सक्तीची झाली. हे फार चांगलं झालं. पण साधं एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. झुकलेल्या गाडीच्या टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते, आणि गाडी किती झुकली आहे हे साध्या एबीएसला कळत नाही. बऱ्याच गाड्यांत तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं; मागचं चाक पूर्वीसारखंच लॉक होऊ शकतं. आपल्या अहिल्यानगरमध्येच वाहन संशोधन व विकास संस्था आहे. वाहनं बाजारात येण्याआधी त्यांना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या अधिकृत संस्थांपैकी ती एक. पण चाचणीच्या ट्रॅकवर पास झालेला ब्रेक वळणावरच्या खडीची हमी देत नाही.

आपल्या जिल्ह्यातली वळणं

क्षेत्रफळाने अहिल्यानगर राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, 17 हजार चौरस किलोमीटरचा. वळणांच्या जितक्या तऱ्हा इथे, तितक्या क्वचित कुठे. अकोले तालुक्यात कळसूबाई-भंडारदऱ्याचे ओले, शेवाळलेले रस्ते. पुणे-नाशिक महामार्गावर संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचा इमामपूर घाट, पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट. आणि मग राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कोपरगाव हा सपाट बागायती पट्टा.

माझं स्पष्ट मत आहे, की घाटांपेक्षा हा सपाट पट्टा जास्त फसवतो. घाटात माणूस आपोआप सावध असतो. बागायती भागात रस्ता मैलभर सरळ जातो आणि एखाद्या चारीपाशी, बांधापाशी, पुलापाशी एकदम काटकोनात वळतो, कारण तो जुन्या गाडीवाटेवरूनच पक्का झालेला असतो. त्यात ऊस. उसाचं शेत वळणाच्या आतल्या कोपऱ्यात असेल, तर पावसाळ्यानंतर ते वळण पूर्ण आंधळं होतं. ऊस तुटला की तेच वळण लख्ख उघडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये समोरचं सगळं दिसतं म्हणून 60 ने वळण घ्यायची सवय लागते आणि तीच सवय ऑक्टोबरमध्ये, ऊस डोक्यावर गेल्यावरही चालू राहते. रोजच्या रस्त्यावरच्या माणसाचा घात होतो तो असा. रस्ता पाठ असतो, पण वर्षातून एकदा बदलतो तो पाठ नसतो.

गळीत हंगाम सुरू झाला की दुसरा धोका रस्त्यावर येतो: दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. तो वळणावर कसा चालतो हे एकदा नीट समजून घ्या. ट्रॅक्टर ज्या वाटेने वळतो, त्या वाटेने ट्रॉल्या वळत नाहीत. प्रत्येक ट्रॉली तिच्या पुढच्या चाकांपेक्षा वळणाच्या आतल्या बाजूला सरकत जाते. तुमच्यासाठी वळण डावीकडे असेल, तर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ते उजवीकडे असतं आणि त्याची आतली बाजू म्हणजे तुमची बाजू. ट्रॅक्टर आपल्या लेनमध्ये असतो, पण मागची ट्रॉली मधली रेषा ओलांडून तुमच्याकडे येते. ट्रॅक्टर गेला म्हणून रेस दिली, तर ट्रॉली अंगावर. तुमचं वळण उजवीकडे असेल तर उलटं: ट्रॉली साईडपट्टीवरून खाली जाऊ नये म्हणून चालक ट्रॅक्टरचं तोंडच तुमच्या बाजूला काढून वळतो. त्यामुळे समोर उसाचा ट्रॅक्टर दिसला की वळण त्याचं आहे असं समजा आणि वळणाआधी थांबा. मागून येऊन वळणाच्या आतल्या बाजूने त्याला ओव्हरटेक करण्याचा तर विचारही नको. दिसायला तिथे जागा मोकळी असते, पण मागची ट्रॉली तीच जागा घ्यायला येत असते. तशीच गोष्ट घाटातल्या एसटीची आणि ट्रकची. अवघड वळणावर त्यांना पूर्ण रस्ता लागतो.

याशिवाय ट्रॉलीतून वळणावरच ऊस सांडतो, कारण माल तिथेच कलतो. डांबरावर पडलेलं उसाचं कांडं चाकाखाली रुळासारखं फिरतं. पावसाचा शिडकावा झाला असेल तर शेतातून निघालेल्या टायरांची काळी माती रस्त्यावर येते. ती साबणासारखी निसरडी असते आणि नेमकी शेतरस्ता डांबरी रस्त्याला मिळतो त्या वळणावरच साठते. साखर कारखान्याच्या आसपास टँकरमधून सांडलेली मळीही तशीच. रात्री बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. आरटीओ आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतात, पण उसाच्या पाचटाखाली ते झाकले जातात.

रात्रीच्या वळणाबद्दल एक गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात येते. मोटारसायकलचा हेडलाइट गाडीच्या तोंडाच्या दिशेने पडतो. वळण डावीकडे असेल तर झोत सरळ, म्हणजे वळणाच्या बाहेर, शेतात जातो. तुम्हाला जिथे जायचं आहे तिथे अंधारच असतो. त्यात समोरचा डिपर देत नसेल तर पाच-सहा सेकंद आपण आंधळेच. अशा वेळी डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा. वेग असा हवा, की उजेडात दिसणाऱ्या अंतरातच गाडी थांबेल.

घाटात मात्र खडी, दगड आणि जनावरं. वळणाच्या बाहेरच्या कडेला खडी साठते, कारण मोठ्या वाहनांची चाकं तिला तिकडे लोटतात. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे लावलेले दगड ट्रक गेल्यावर तिथेच राहतात, आणि ट्रक बंद पडतात चढाच्या वळणावरच. पारनेर-नगर बाजूला मेंढरांचा कळप वळणापलीकडे उभा असू शकतो. नवरात्रात मोहटादेवीच्या दर्शनाला आणि फाल्गुन-चैत्रात मढीच्या यात्रेला जाणारी माणसं करंजी घाटातून रात्री-पहाटे जातात, कित्येक जण पायी. त्या दिवसांत तिथे वळणापलीकडे माणसं आहेत असं धरूनच गाडी चालवा.

वळणात रस्त्यावर आपली जागा कुठे, हेही घाटात ठरवून घ्यायला हवं. उजव्या वळणावर बरेच जण मधल्या रेषेला चिकटून झुकतात. चाकं रेषेच्या आत असतात, पण झुकल्यामुळे डोकं आणि खांदा पलीकडच्या लेनमध्ये जातो, आणि तिथून ट्रक येत असतो. म्हणून उजव्या वळणावर डावीकडे राहा, पण साईडपट्टीच्या खडीपासून हातभर आत. डाव्या वळणावर लेनच्या मध्याच्या थोडं उजवीकडे राहिलात तर पुढचं जास्त दिसतं. समोरून मोठं वाहन दिसताच डावीकडे या. शर्यतीतली बाहेरून आत, आतून बाहेर ही रेषा सार्वजनिक रस्त्यावर घेऊ नका. ट्रॅकवर समोरून कोणी येत नसतं.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून किंवा न्यूट्रल टाकून सोडणारे अजून पाहायला मिळतात. त्याने वाचतं दोन रुपयांचं पेट्रोल, आणि गाडीला धरून ठेवणारं इंजिन सुटतं. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम ब्रेक तापून कमी लागू लागतात. चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही तोच ठेवा.

अकोल्याची गोष्ट न्यारी. बाकीचा जिल्हा पावसाची वाट पाहत असतो तेव्हा घाटघर-रतनवाडीत संततधार असते. काजव्यांसाठी मेअखेरीस आणि धबधब्यांसाठी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईची तरुण मुलं मोठ्या गाड्या घेऊन भंडारदऱ्याला येतात. शेंडी-मुरशेत-घाटघर-साम्रद-रतनवाडी या धरणाभोवतीच्या रस्त्यावर वळणामागे वळण आहे. धुकं दाट असतं. कड्यावरून पाणी रस्त्यावर येतं, सावलीतल्या कडेला हिरवं शेवाळ धरतं. भाताच्या आवणीच्या दिवसांत खाचरातून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल रस्त्यावर असतो. पहिल्या पावसात तर सगळीकडेच डांबरावर साचलेलं तेल वर येतं. इथे घाटातल्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्याने जा. पांढऱ्या पट्ट्यांवर, लोखंडी जाळीवर झुकू नका. गटाने आला असाल तर सरळ रस्त्यावर तिरप्या ओळीत चाला, वळणावर एकामागे एक. पुढच्याचा वेग हा तुमचा वेग नाही. त्याचा हात, त्याचा टायर वेगळा. आणि रीलसाठी गुडघा टेकवायची हौस असेल तर ती ट्रॅकवर भागवा. शेंडी-राजूर रस्त्यावर शाळेची मुलं चालत असतात.

ओझं आणि मागचा माणूस

आमच्या भागात मोटारसायकल नुसती माणसाची नसते. संगमनेर-राहात्याच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे उभे राहा: मागे दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन अडकवलेला दूधवाला जातो. दोन भरलेले कॅन म्हणजे ऐंशी किलोंहून जास्त वजन, तेही मागच्या चाकाच्या बाजूला. पुढचं चाक हलकं होतं, त्यामुळे हँडल ऐकत नाही आणि पुढचा ब्रेक लवकर लॉक होतो. पूर्ण भरलेला कॅन एका परीने बरा. अर्धा भरलेला घातक, कारण वळणात दूध एका बाजूला उसळतं आणि गाडी सरळ होताना दुसऱ्या बाजूला आदळतं. त्या हेलकाव्याने हँडल झटका देतं. तिसरी गोष्ट, कॅनचा तळ. नुसती गाडी जितकी झुकते, तितकी कॅन लावून झुकत नाही. कॅन रस्त्याला घासला की मागचं चाक उचललं जातं. म्हणून दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंचं वजन सारखं ठेवावं. एकच कॅन भरायचा असेल तर दुसऱ्या बाजूला काहीतरी बांधावं. कॅन जितका वर आणि आत घेता येईल तितका घ्यावा, आणि वळणं रिकाम्या गाडीच्या निम्म्या वेगाने घ्यावीत. मागच्या टायरची हवाही भाराप्रमाणे वाढवावी. किती हवा भरायची ते गाडीच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या फोर्कजवळ लिहिलेलं असतं, डबलसीटसाठी वेगळा आकडा असतो.

डबलसीटचा नियम साधा: मागच्याने चालवणाऱ्याच्या अंगाबरोबर झुकायचं. वळणात घाबरून उलट्या बाजूला झुकलात तर गाडी वळत नाही. उजव्या वळणावर त्याच्या उजव्या खांद्यावरून, डाव्याला डाव्या खांद्यावरून पुढे पाहा, अंग आपोआप बरोबर येतं. एका बाजूला बसणाऱ्या बायकांना हे जमत नाही आणि एका अंगाला वजन येतं. पदर, ओढणी चेनमध्ये जाण्याचा धोकाही असतोच. जमेल तिथे दोन्हीकडे पाय टाकून बसावं. नाहीतर चालवणाऱ्याने वेग तरी कमी करावा. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे, आयएसआय मार्कचं, आणि बंद केलेल्या पट्ट्यासकट. आरशाला लटकवलेलं हेल्मेट कुणाला वाचवत नाही.

टायरविषयी एवढंच. सुप्याच्या एमआयडीसीत रोज महामार्गाने जाणाऱ्यांच्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळणात मात्र टायर सपाट भागावरून कडेवर चढताना गाडी एकदम कलते. टायरच्या खाचांमध्ये टीडब्ल्यूआयचा, म्हणजे झीज दाखवणारा, छोटा उंचवटा असतो. रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की टायर बदला. नवा टायर घातल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर फार झुकू नका, त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा.

कुणी पडलेलं दिसलं तर

वळणावर कुणी पडलेलं असेल, तर पहिलं काम जखमीकडे धावण्याचं नाही. एका माणसाला वळणाच्या अलीकडे, दुसऱ्याला पलीकडे पाठवा, हातवारे करून येणाऱ्या गाड्या थांबवायला. आंधळ्या वळणावर दुसरा अपघात पाच मिनिटांत होतो. मग जखमीकडे या. जागा सुरक्षित असेल तर त्याला उगाच उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. मानेला इजा असू शकते. गर्दी पांगल्यावर इशाऱ्यासाठी रस्त्यावर लावलेले दगड आणि फांद्या आठवणीने काढा.

मुळात कुणी पडूच नये, म्हणून ज्यांच्या शेताचा कोपरा वळणाच्या आत येतो, त्या शेतकऱ्यांना एक विनंती. त्या कोपऱ्यात उसाऐवजी कांदा, हरभरा, घास असं बुटकं पीक घ्या, किंवा कडेच्या चार-पाच सऱ्या मोकळ्या सोडा. चार गुंठ्यांचाही प्रश्न नाही, आणि त्या वळणावरून आपल्याच गावची पोरं शाळा-कॉलेजला जातात.

आणि अपघात झालाच, तर जखमीला मदत करताना पोलिसांच्या भानगडीची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ आणि त्याखालच्या नियमांनुसार जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक मोफत आहे. फोन करताना घाटाचं नाव, जवळचं गाव आणि किलोमीटरचा दगड सांगा.